सायकल वारंवार पंक्चर का होते?

मुंबईच्या उपनगरांत सायकल ही हौसेची वस्तू होण्याच्या कितीतरी आधी पोटापाण्याचे साधन होती आणि आजही ती पुष्कळ अंशी तशीच आहे. भल्या पहाटे मुलुंड किंवा बोरिवली स्थानकाबाहेर वृत्तपत्रांचे गठ्ठे सोडून ते कॅरियरवर बांधणारा विक्रेता, चाळी आणि सोसायट्यांतून फिरणारा पाववाला, दुधाच्या पिशव्या पोहोचवणारा मुलगा, अंधेरी-घाटकोपरच्या गल्ल्यांतून डबे गोळा करून ठरलेली लोकल गाठणारा डबेवाला आणि अलीकडे खाद्यपदार्थ घरपोच देणारा तरुण, या साऱ्यांचा दिवस दोन चाकांतील हवेवर अवलंबून असतो. डबेवाल्याची सायकल वाटेत बसली की त्याची गाडी चुकते. ती चुकली की डब्यांच्या अदलाबदलीची पुढची साखळी विस्कळीत होते. वृत्तपत्र विक्रेत्याला तास-दीड तासाचा उशीर झाला, तर कामावर निघून गेलेल्या ग्राहकाला त्या दिवशीच्या अंकाचा उपयोग उरत नाही.

एखादे पंक्चर होणे हा योगायोग म्हणता येईल. परंतु एकच सायकल पंधरवड्यात तीन-चार वेळा पंक्चर झाली, तर त्यामागे निश्चित कारण असते आणि ते बहुधा शोधता येते. दुर्दैवाने होते असे की, दरवेळी ठिगळ लावले जाते, हवा भरली जाते, पैसे दिले जातात आणि कारण मात्र चाकातच राहते. ताप उतरवण्याची गोळी घ्यावी, पण तापाचे निदान करू नये, असाच हा प्रकार आहे. शेवटी वैतागून कोणी दुकानदारावर संशय घेतो, कोणी मुलाची सायकल गॅलरीत टांगून ठेवतो आणि ती पुन्हा खाली उतरत नाही. हे निदान कसे करावे, याचा विचार येथे केला आहे. त्यासाठी यंत्रशास्त्राच्या ज्ञानाची गरज नाही. खडूचा तुकडा, पाण्याने भरलेले घमेले आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरेशी आहे.

हवेचे चाक आणि त्याचे दुखणे

चाकात हवा भरण्याची कल्पना प्रथम मांडली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने. त्याने १८४५ मध्ये तिचे पेटंटही घेतले. मात्र तेव्हा सायकल आजच्या रूपात नव्हती आणि ती कल्पना मागे पडली. पुढे १८८८ मध्ये आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला आणि सायकलीचे युग बदलले. त्यापूर्वीची भरीव रबराची चाके पंक्चर होत नसत, पण रस्त्याचा प्रत्येक दगड स्वाराच्या मणक्याला जाणवत असे. हवेच्या चाकाने सुख दिले आणि त्याबरोबर पंक्चर हे दुखणेही दिले.

सुरुवातीचे हवेचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचे म्हणजे टायर सोडवायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चिकटवायचा आणि तो सुकण्याची वाट पाहायची. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी सहज काढता-घालता येणारा टायर बनवला. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या शर्यतीत शार्ल तेरों हा स्वार तसेच टायर वापरून पहिला आला, तेव्हा या सुधारणेचे महत्त्व सर्वांना पटले. बाहेर मजबूत टायर आणि आत हवा धरणारी वेगळी ट्यूब ही जी रचना आपण आज वापरतो, तिच्यामुळेच पदपथावर बसलेला कारागीर थोड्या वेळात पंक्चर काढून देऊ शकतो.

या रचनेत ट्यूबचे काम केवळ हवा कोंडून ठेवण्याचे आहे. तिचे रबर पातळ असते आणि तिचे रक्षण दोन गोष्टी करतात. बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूने टायर आणि आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूने रिमवर गुंडाळलेली पट्टी. ट्यूबला भोक पडते ते या दोन रक्षकांपैकी एकाने दगा दिल्यामुळे, दोघांच्या मध्ये ती चिमटली गेल्यामुळे, किंवा मुळातच ट्यूब अथवा तिचे जुने ठिगळ जीर्ण झाल्यामुळे. वारंवार होणाऱ्या पंक्चरची जवळजवळ सारी कारणे या चौकटीत बसतात.

आधी खूण, मग दुरुस्ती

निदानाची पहिली अट अशी की, टायर काढण्यापूर्वी खूण करावी. व्हॉल्व्हच्या अगदी समोर टायरवर खडूने एक रेघ ओढावी आणि ट्यूबची उजवी बाजू कोणती, हेही ट्यूबवर लिहून ठेवावे. ट्यूब बाहेर काढल्यावर ती पुन्हा चाकावर त्याच स्थितीत धरून पाहता आली पाहिजे. ही एक रेघ नसेल तर भोक सापडूनही उपयोग होत नाही, कारण त्या भोकासमोर टायरचा आणि रिमचा नेमका कोणता भाग होता हे कळत नाही. सराईत कारागीर व्हॉल्व्ह रिममध्ये तसाच ठेवून ट्यूबचा केवळ हवा तेवढा भाग बाहेर ओढतात. त्यातही हीच सोय असते.

त्यानंतर ट्यूबमध्ये ती जरा फुगेल एवढी हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात बुडवावी. बुडबुडे दिसले की तेथे खूण करावी, पण थांबू नये. पूर्ण ट्यूब फिरवून पाहावी. एका भोकावर समाधान मानल्याने दुसरे बारीक भोक राहून जाते आणि संध्याकाळपर्यंत चाक पुन्हा बसते. असे दुसऱ्या दिवशीचे ‘नवे’ पंक्चर पुष्कळदा कालचेच जुने असते.

आता दोन प्रश्न विचारायचे. भोक कुठे आहे? आणि ते कसे आहे? पुढील सारे निदान या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.

मुळात भोक आहे का?

मात्र त्याही आधी एक शंका फेडून घ्यावी. सायकल रात्री व्यवस्थित होती आणि सकाळी चाक बसलेले आढळले, तर दोष ट्यूबचा नसून व्हॉल्व्हचा असू शकतो. आपल्याकडील साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये धातूची एक बारीक नळी असते आणि तिच्यावर रबराची छोटी व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेली असते. पंपाचा दाब आला की हे रबर थोडे उचलले जाऊन हवा आत जाते. दाब थांबला की रबर पुन्हा छिद्रावर घट्ट बसते आणि हवा कोंडली जाते. हे रबर उन्हाने, तेलाने किंवा केवळ वयाने चिरते, चिकट होते. मग हवा हळूहळू निसटू लागते.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. चाकात हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचे किंवा थुंकीचे बोट लावावे. बुडबुडा फुगला तर व्हॉल्व्ह ट्यूब बदलावी, वरची चकती घट्ट करावी. ट्यूब बाहेर काढण्याचेही कारण नाही. पूर्ण पंक्चर काढण्याचा खटाटोप करून शेवटी ही दीड-दोन सेंटिमीटरची रबरी नळी दोषी निघावी, असे पुष्कळदा घडते.

भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर

भोक टायरच्या बाजूला आणि एकच, बारीक असेल, तर बाहेरून काहीतरी टोचले आहे हे उघड आहे. खिळा दिसला तर तो उपटला जातो आणि प्रश्न मिटतो. खरी अडचण न दिसणाऱ्या वस्तूंची असते. मोटारी आणि ट्रक यांच्या टायरमध्ये पोलादी तारांचे जाळे असते. असे टायर फुटले, झिजले की केसासारख्या बारीक तारांचे तुकडे रस्त्यावर पडतात. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, लालबहादूर शास्त्री मार्ग अशा अवजड वाहतुकीच्या रस्त्यांच्या कडेला, जेथे सायकलस्वाराला चालावे लागते, नेमका तेथेच हा कचरा साठतो. साकीनाका, मरोळ यांसारख्या लहान कारखान्यांच्या भागात लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस याच जातीचा शत्रू आहे.

अशी तार टायरमध्ये रुतते, बाहेरून दिसत नाही आणि आतून तिचे टोक अर्धा मिलिमीटर डोकावते. चाक रस्त्यावर टेकले की ती ट्यूबला टोचते, चाक उचलले की मागे सरते. ठिगळ लावून ट्यूब परत घातली की काही दिवसांत, कधी काही तासांतच, तिथेच किंवा अगदी शेजारी दुसरे भोक पडते. म्हणून ट्यूबवरील भोक खडूच्या रेघेशी जुळवून टायरचा तेवढाच भाग आतून उलटा करून पाहावा. कापसाचा बोळा किंवा जुना मोजा आतून हलकेच फिरवावा. जेथे धागा अडकेल तेथे तार आहे. उघडे बोट घाईने फिरवू नये, कारण काचेने ते कापण्याची भीती असते. तार सापडल्यावर ती चिमट्याने ओढून काढावी. ती आत दाबू नये.

पावसाळ्यात पंक्चरचे प्रमाण वाढते, असा अनेकांचा अनुभव आहे आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. पाणी हे रबरासाठी वंगणाचे काम करते. रबराची गुडदी कापताना पाते ओले केले की ते सहज शिरते, हे प्रयोगशाळेत काम केलेल्यांना ठाऊक असेल. ओल्या रस्त्यावर काचेचा तुकडा टायरला चिकटतो आणि अधिक सहजपणे आत घुसतो. शिवाय साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की काच, हे दिसत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दोन्ही टायर फिरवून बाहेर रुतलेले काचेचे कण टोकदार वस्तूने उकरून काढले, तर पुढची कित्येक पंक्चर टळतात. काच एका दिवसात ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. ती रोज थोडी थोडी आत सरकत असते.

टायर इतका झिजला असेल की रबराखालचे धागे दिसू लागले आहेत, तर मग कोणतीही टाचणी पुरेशी होते. अशा वेळी भोके दरवेळी वेगवेगळ्या जागी, पण नेहमी रस्त्याच्या बाजूलाच आढळतात. तेथे ठिगळावर ठिगळ चढवण्यापेक्षा टायर बदलणे शेवटी स्वस्त पडते. टायर चांगला असून केवळ एका जागी चिरला असेल, तर आतून जाड तुकडा, ज्याला दुकानदार गेटर म्हणतात, बसवून काही काळ काम भागते.

दोन भोके आणि कमी हवा

कधी एका ठिकाणी शेजारी-शेजारी दोन लहान चिरा आढळतात, जणू सापाने दंश केला आहे. या खुणेचा अर्थ असा की, ट्यूबला काहीही टोचलेले नाही. चाक खड्ड्याच्या कडेवर किंवा उंच बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर आदळले, टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिरडली गेली. येथे टायरमध्ये खिळा शोधत बसणे व्यर्थ आहे. दोष जवळजवळ नेहमी कमी हवेचा असतो.

हे साध्या हिशेबाने समजते. चाकावरील भार मुख्यतः आतल्या हवेचा दाब पेलतो. म्हणून टायर रस्त्यावर किती टेकेल, हे भार भागिले दाब या गणिताने साधारण ठरते. डबेवाल्याचे उदाहरण घेऊ. एका डब्याचे वजन दीड ते दोन किलो धरले, तर ३० डब्यांचा भार ४५ ते ६० किलो होतो. त्यात स्वार आणि सायकल मिळवली आणि त्यातील सुमारे ८० किलो मागच्या चाकावर आले असे मानले, तर ते १७६ पौंड होतात. हवेचा दाब चौरस इंचाला ५० पौंड असेल, तर टायर साडेतीन चौरस इंच टेकतो. तोच दाब २५ पौंडांवर उतरला, तर टेकण्याचे क्षेत्र दुप्पट, म्हणजे सात चौरस इंच होते. इतके क्षेत्र टेकण्यासाठी टायरला तेवढे खोल दबावे लागते. मग रिम आणि रस्ता यांच्यात अंतर फारसे उरत नाही. पुढचा एखादाच धक्का पुरेसा ठरतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. स्कूटर मोठी आणि सायकल लहान, तेव्हा सायकलीला हवा कमी लागत असेल, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. अरुंद टायरला भार पेलण्यासाठी अधिक दाब लागतो. साध्या सायकलीच्या टायरमधील दाब पुष्कळदा स्कूटरपेक्षा जास्त असावा लागतो. योग्य आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. तो वाचावा आणि मालाची ने-आण असेल तर त्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ दाब ठेवावा. अंगठ्याने दाबून पाहण्याची पद्धत नसल्यापेक्षा बरी, परंतु ३० आणि ५० पौंडांतील फरक अंगठ्याला नेमका कळत नाही. ट्यूबला भोक नसले तरी तिच्यातून हवा सावकाश झिरपतच असते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा भरणे ही चैन नसून गरज आहे.

भोक रिमच्या बाजूला असेल तर

रस्त्याकडे बोट दाखवण्याची सवय इतकी रुळली आहे की, आतल्या बाजूच्या भोकाचा विचार सहसा होत नाही. वारंवार होणाऱ्या पंक्चरचा छडा लागत नाही, तेव्हा दोषी बहुधा येथेच दडलेला असतो. चाकाचे स्पोक रिममध्ये निपलने आवळलेले असतात. स्पोकचे टोक निपलच्या वर आले, तर ते आतून ट्यूबला टोचते. त्यापासून रक्षण करणारी रिमपट्टी सरकलेली, कुजलेली किंवा चुकीच्या रुंदीची असली की काम बिघडते. चाकाचा आउट काढल्यानंतर, म्हणजे स्पोक आवळून चाक सरळ केल्यानंतर, दोन-चार दिवसांत पंक्चर सुरू झाली, तर पहिला संशय वर आलेल्या स्पोकवर घ्यावा. असे टोक कानशीने घासून निपलच्या पातळीला आणावे लागते. केवळ ठिगळ लावून ते दुखणे जात नाही.

मुंबईत याला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या सायकलीच्या रिममध्ये पाणी उतरते, लोखंडी रिम आतून गंजते आणि गंजाचे खवले पट्टी फाडून ट्यूबवर घासू लागतात. भोक मग टोचल्यासारखे नसून घासल्यासारखे, कडा विरलेले दिसते. रिम पॉलिश पेपरने घासून, पुसून, नवी पट्टी बसवावी. पट्टी मिळाली नाही, तर जुन्या ट्यूबची सरळ कापलेली पट्टीही तात्पुरते काम देते.

व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि बाजूला

भोक व्हॉल्व्हच्या अगदी मुळाशी फाटल्यासारखे असेल, तर व्हॉल्व्ह रिममध्ये सरळ उभा होता की तिरका, हे आठवून पाहावे. हवा कमी असताना सायकल चालवली की टायर रिमवर हळूहळू सरकतो आणि ट्यूबलाही ओढतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. या ओढाताणीत मूळ फाटते. तेथे ठिगळ सहसा टिकत नाही, म्हणून ट्यूब बदलावी लागते. परंतु नवी ट्यूब घालून हवा कमीच ठेवली, तर तिचीही गत तीच होते. रिमच्या भोकाची कड धारदार असल्यास तीही घासून घ्यावी.

भोक ट्यूबच्या कडेला असेल, तर तीन शक्यता तपासाव्यात. टायर चढवताना पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने ट्यूब चिमटली गेली असेल. असे पंक्चर दुरुस्तीनंतर लगेचच उघड होते. ब्रेकचे रबर रिमऐवजी टायरच्या कडेवर घासत असेल, तर टायरची भिंत विरून तेथून ट्यूब बाहेर फुगते आणि मोठ्या आवाजाने फुटते. किंवा ट्यूबचे माप चुकीचे असेल. मोठी ट्यूब लहान टायरमध्ये घातली की तिला घडी पडते आणि त्या घडीवर ती झिजते. लहान ट्यूब मोठ्या टायरमध्ये ताणून बसवली की ती पातळ होते. टायरवरील माप आणि ट्यूबवरील माप जुळते की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहणे इष्ट.

पुढचे चाक असे अचानक फुटले, तर हा केवळ पैशांचा आणि वेळेचा प्रश्न उरत नाही. वेगात असलेल्या सायकलीचे हँडल ताब्यात राहत नाही आणि बाजूने बस किंवा डंपर जात असेल, तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून टायरच्या भिंतीवरील चीर आणि सरकलेला ब्रेक यांकडे दुर्लक्ष करता कामा नये.

ऊन, ठिगळ आणि सोल्युशन

सायकल उन्हात ठेवली म्हणून ट्यूब फुटली, असे सर्रास म्हटले जाते. यात तथ्य किती, तेही पाहू. सावलीत ३० अंश सेल्सिअसला ५० पौंड दाब असलेले चाक उन्हात ६० अंशांपर्यंत तापले, तरी दाब सुमारे साडेसहा पौंडांनी वाढतो. धडधाकट टायरला एवढी वाढ सहज सोसते. म्हणजे उन्हाने फुटलेली ट्यूब बहुधा आधीच कुठेतरी अशक्त झालेली असते. उष्णतेचा खरा परिणाम होतो तो जुन्या ठिगळावर. चिकटवणारे सोल्युशन मऊ पडते आणि ठिगळाची कड उचलते.

ठिगळ वारंवार सुटत असेल, तर घाई हे त्याचे कारण असते. ट्यूबचा भाग पूर्ण कोरडा करावा, ठिगळाहून थोडी अधिक जागा पॉलिश पेपरने खरवडावी, पुसावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि तो ओलसर न राहता केवळ चिकट लागेपर्यंत काही मिनिटे थांबावे. मग ठिगळ ठेवून मधून कडांकडे दाबत न्यावे. ओल्या सोल्युशनवर बसवलेले ठिगळ त्या क्षणी पक्के वाटते, पण ते फार काळ टिकत नाही. एकाच ट्यूबवर ठिगळांची गर्दी झाली असेल, तर ट्यूबला निरोप द्यावा.

संशय कोणावर?

वारंवार पंक्चर होऊ लागले की रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकले जातात, अशी कुजबुज सुरू होते. हे सर्वस्वी खोटे आहे असेही नाही. बंगळुरूमध्ये एका अभियंत्याने रोजच्या रस्त्यावर अशीच पंक्चर होऊ लागल्यावर चुंबक घेऊन खिळे वेचण्यास सुरुवात केली आणि कित्येक किलो खिळे गोळा केले. त्याची दखल तेथील वृत्तपत्रांनी घेतली होती. परंतु पुरावा हाती आल्याशिवाय कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. निदानाची ही पद्धत येथेही उपयोगी पडते. दरवेळी एकाच प्रकारचा नवा खिळा, एकाच पट्ट्यात, रस्त्याच्या बाजूने घुसलेला सापडत असेल, तर खिळे जपून ठेवावेत, इतर स्वारांना विचारावे आणि पोलिसांकडे तक्रार करावी. भोक रिमच्या बाजूला, व्हॉल्व्हपाशी किंवा सापाच्या दंशासारखे असेल, तर रस्त्यावरील कोणत्याही माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

यासाठी एक साधी नोंद ठेवावी. तारीख, चाक पुढचे की मागचे, भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर, कोणत्या बाजूला आणि कसे, एवढे पाच रकाने पुरेत. समजा, एखाद्या विक्रेत्याच्या वहीत महिन्याभरात मागच्या चाकाची चार पंक्चर आहेत. चारही व्हॉल्व्हपासून साधारण एकाच अंतरावर आणि रस्त्याच्या बाजूला असतील, तर टायरमध्ये तार अडकलेली आहे. एकाच जागी पण रिमच्या बाजूला असतील, तर स्पोक वर आला आहे. जागा वेगवेगळ्या पण प्रत्येक वेळी दोन चिरा असतील, तर हवा कमी आहे किंवा भार जास्त. जागा वेगवेगळ्या आणि एकेकच भोक बाहेरून असेल, तर टायर झिजला आहे किंवा मार्ग बदलायला हवा. मागचे चाक अधिक वेळा पंक्चर होणे हे स्वतः काही गूढ नाही. त्यावर भार जास्त असतो, शिवाय पुढच्या चाकाने उडवलेला आडवा खिळा मागच्या चाकासमोर उभा राहू शकतो.

प्रत्येकाला हे सारे स्वतः करणे जमेल असे नाही. पहाटेच्या घाईत सायकल दुकानात टाकून पुढे जावे लागते. अशा वेळी निदान दोन गोष्टी कराव्यात. दुकानदाराला ‘पंक्चर काढा’ एवढेच न सांगता ‘भोक कुठे होते आणि का झाले, तेही बघा’ असे सांगावे. आणि टोचलेली वस्तू सापडली, तर ती हातात मागून घ्यावी. काम जाणणारा कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, उलट तो टायर आतून चाचपून दाखवतो. त्या जादा पाच मिनिटांचे दोन पैसे अधिक द्यावे लागले, तर ते आनंदाने द्यावेत. कारण चार ठिगळांच्या खर्चापेक्षा एका नेमक्या निदानाचा खर्च नेहमीच कमी असतो आणि ज्याचा डबा, ज्याचे वर्तमानपत्र किंवा ज्याचा पाव वेळेवर पोहोचायचा आहे, त्याच्या दृष्टीने ती पाच मिनिटे पुढचे कित्येक तास वाचवणारी ठरतात.